तीन पायऱ्यांचा अडसर

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं आपण सगळ्या आळीला करतो. पण प्रत्येकीच्या ओळखीत एखादी तरी असते, जी "पुढच्या वर्षी नक्की येईन हं" म्हणून हसून टाळते. कुणाचा पाय अधू, कुणाच्या गुडघ्यांनी दगा दिलेला. आपल्या दारातल्या तीन पायऱ्या तिला अडवतात. "बिचारीचं नशीब!" म्हणून आपण तिची ओटी घरपोच पाठवतो. पण मैत्रिणींनो, यात नशिबाचा भाग थोडा आणि गवंड्याचा जास्त!

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. शिवाय वॉकर घेतलेल्या सासूबाई आणि दिवस भरत आलेली लेक, यांचीही अडचण तीच.

मी शिकवते त्या शाळेत कुबड्या घेऊन येणारी एक हुशार मुलगी होती. घरून निघताना ती पाणी प्यायची नाही, कारण शाळेचं संडास उंच ओट्यावर आणि दार अरुंद. त्यातून वर्ग वरच्या मजल्यावर. बाईंनी वर्ग तळमजल्यावर आणला, एक पैसा खर्च न करता. मुलीची गैरहजेरी थांबली. संडासाचं दार मात्र अजून तसंच आहे.

म्हणून म्हणते, शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि मोजायला लागा.

उतार : एक इंच चढायला निदान बारा इंच लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर उतार अठरा फुटी. जागा नसेल तर मध्ये वळणाला सपाट ओटा ठेवून तो वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा हवाच. घसरगुंडीसारखा उभा उतार म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा.

दार : चाकांची खुर्ची सहज जायला तीन फूट मोकळी रुंदी असावी. उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नको.

न्हाणीघर : दार बाहेर उघडणारं, फरशी खरखरीत, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही.

रस्ता : स्टेशनवर, पदपथावर उठावाच्या पिवळ्या फरशा दिसतात ना? त्या शोभेच्या नाहीत. अंध माणसं पायाने, काठीने त्यांवरून वाट ओळखतात. तिथे स्कूटर किंवा भाजीची पाटी ठेवू नये.

हे सगळं कुणाच्या मेहेरबानीवर सोडलेलं नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. लोक वापरतात ती इमारत, मग शाळा असो, दवाखाना असो की देऊळ, सरकारी असो वा खासगी, त्यात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावलं की सोयीचे नियम नुसते सल्लेवजा नकोत, बंधनकारक हवेत.

तेव्हा सोसायटीच्या येत्या सभेत हा विषय लेखी द्या. "जागा कुठाय?" असं कुणी म्हणालं, तर वाटेत लावलेल्या स्कूटरींची जागा मोजून दाखवा. आणि हो, गवंड्याला बोलावण्याआधी जिला तो उतार चढायचा आहे, तिला विचारा. कठडा कुठे हवा, ते तिच्याइतकं नेमकं कोण सांगणार?