चौथा डाउन आणि रोलआउट पास

डाउन : अमेरिकन फुटबॉलमध्ये १० यार्ड (सुमारे ९ मीटर) पुढे सरकण्यासाठीची एक संधी. अशा ४ संधी. १० यार्ड पूर्ण झाले की पुन्हा पहिला डाउन. चौथा डाउन १९१२ पासून.

चौथ्या डाउनला पर्याय
• पंट : लाथेने चेंडू दूर, प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत.
• फील्ड गोल : लाथेने चेंडू गोलखांबांमधून, ३ गुण. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ३० यार्डांच्या रेषेवर असेल, तर किक सुमारे ४७ यार्डांची.
• खेळून पाहणे : फसल्यास चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याला.

निर्णयाचे निकष : हवे असलेले यार्ड, मैदानावरची जागा, गुणांतला फरक, उरलेला वेळ.

रोलआउट : क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) त्याचे रक्षण करणाऱ्या सहकाऱ्यांचे कडे सोडून एका बाजूला धावतो आणि धावता धावता पास देतो.
• जमेची बाजू : दबाव टळतो, स्वतः चेंडू घेऊन पळता येते.
• मर्यादा : मैदानाची दुसरी बाजू जवळपास बाद.
• बूटलेग : चेंडू सोपवण्याची हूल देऊन उलट दिशेला रोलआउट.
• नियम : पुढच्या दिशेने पास आरंभरेषेच्या (जिथून चाल सुरू होते त्या रेषेच्या) मागूनच.

गाजलेला रोलआउट : १० जानेवारी १९८२. तिसरा डाउन, उजवीकडे धावत जो मोंटानाचा पास, ड्वाइट क्लार्कचा झेल. सॅन फ्रान्सिस्को २८, डॅलस २७.