आग्वाद तुरुंग-संग्रहालय

गोवा राज्याच्या बार्देश तालुक्यातील आग्वाद किल्ल्याच्या समुद्रालगतच्या भागात असलेल्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगाचे रूपांतर करून उभारलेले संग्रहालय. मांडवी नदीच्या मुखाशी, उत्तरेकडील भूशिरावर हा किल्ला आहे. गोवामुक्तीस साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, नूतनीकरण केलेल्या या वास्तूचे उद्‌घाटन झाले.

पोर्तुगीजांनी डच व मराठे यांच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून सतराव्या शतकाच्या आरंभी हा किल्ला बांधला. १६१२ मध्ये तो पूर्ण झाला. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. येथील गोड्या पाण्याचा साठा जहाजांना पुरविला जाई, त्यावरून किल्ल्यास हे नाव पडले. वरच्या भागात पाण्याचे प्रचंड टाके आणि १८६४ मध्ये बांधलेला दीपस्तंभ आहे. तुरुंग मात्र खालच्या तटबंदीत, जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस चढ असल्यामुळे शत्रूला रोखण्यासाठी निवडलेली ही जागा पुढे कैद्याला अडकवून ठेवण्यासही सोयीची ठरली.

पोर्तुगालचा हुकूमशाह सालाझार याच्या राजवटीत येथे राजबंद्यांना ठेवण्यात येई. १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली व नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस प्रारंभ झाला. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आग्वादच्या कोठडीत ठेवण्यात आले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिश येथील तुरुंगात धाडले. लोहिया पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांनाही येथेच कोंडण्यात आले. १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांना दहा, तर मधू लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यासह अनेक सत्याग्रहींनी येथे कारावास भोगला. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली.

किल्ल्याचा वरचा भाग व तुरुंग यांची प्रवेशद्वारे वेगवेगळी असल्याने पुष्कळ प्रवासी दीपस्तंभ पाहूनच परततात. तुरुंगात लोहिया व कुन्हा यांच्या स्मृतीस वाहिलेल्या कोठड्या आहेत. येथील प्रमुख वस्तू म्हणजे स्वतः इमारतच होय : जाड भिंती, अरुंद कोठड्या, भक्कम दारे आणि समुद्राचा सततचा आवाज. कोठडीत काही क्षण उभे राहिल्यास जागेचा संकोच कळतो. काळाचा मात्र कळत नाही. कैद्याचा खरा भोग काळाचा असतो व त्याची नोंद भिंतीत नव्हे, तर बंदिवानांनी लिहिलेल्या आठवणींत सापडते. या दृष्टीने मोहन रानडे यांचे सतीचे वाण हे आत्मकथन उल्लेखनीय आहे. १९५५ मध्ये पकडले गेलेले रानडे पुढे पोर्तुगालमधील काशियश तुरुंगात होते व गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षांनी, जानेवारी १९६९ मध्ये, त्यांची सुटका झाली.

तुरुंगाचे संग्रहालय करताना काही प्रश्न उद्‌भवतात. डागडुजीने इमारत टिकते. परंतु रंगसफेदीखाली कैद्यांच्या वावराच्या खुणा नाहीशा होतात. पर्यटकांसाठी आवारात उपाहारगृहे व दुकाने आली, की कोठडीचे गांभीर्य राखणे अवघड होते. शिवाय १९६१ नंतरही २०१५ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, येथे सामान्य गुन्ह्यांतील कैदी होते. त्यानंतर त्यांना कोलवाळ येथील नव्या तुरुंगात हलविण्यात आले. स्वतंत्र भारताच्या कारागृहाचा हा इतिहासही या वास्तूचाच भाग होय. मांडवीकाठचा रेइश मागुश किल्लाही १९९३ पर्यंत तुरुंग होता. जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये तो जनतेस खुला झाला. कुन्हांना जेथे धाडले गेले, त्या पेनिश येथे २०१९ मध्ये राजबंद्यांची नावे कोरलेले स्मारक उभारण्यात आले व २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय संग्रहालय पूर्णत्वास गेले. प्रसिद्ध नेत्यांच्या कोठड्या जपल्याने तुरुंगाचा इतिहास पुरा होत नाही. ज्यांच्या नावे एकही कोठडी राखलेली नाही, अशा बंदिवानांची नामावली जपणे हेही अशा संग्रहालयाचे तितकेच महत्त्वाचे कार्य ठरते.