शेळीच्या नावाची पेटी

परवा रात्री मी भाकरी थापत होते आणि लेकीनं विषय काढला, "आई, मला गिटार पाहिजे." माझा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली! लेक नववीत, पुढच्या वर्षी दहावी. मी आपलं सगळ्या आयांचं ठरलेलं उत्तर देऊन टाकलं, "आधी अभ्यास, मग बघू." ती काही बोलली नाही. पण तिचं ते न बोलणं मला रात्रभर टोचत राहिलं. का टोचलं, ते पुढे सांगतेच.

दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीला कळमनुरी तालुक्यातल्या एका गावी जायचं होतं. तिथल्या महिला भजनी मंडळाच्या अक्का आता सत्तरीच्या पुढच्या आहेत, पण पेटीवर बसल्या की वय विसरतात. वह्या मिटल्यावर मी सहज विचारलं, "अक्का, तुमची पहिली पेटी कशी आली हो?" झालं! सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"काय सांगू बाई," अक्का म्हणाल्या, "मंदिरात पेटी होती, पर ती गड्यांची. आमी हात लावला की म्हनायचे, बायांच्या हातानं भाता फाटतो." म्हणून या बाया कितीतरी दिवस नुसत्या टाळांवरच म्हणायच्या. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झाला, त्यानंतर वर्षभरात यांचा गट सुरू झाला. महिन्याला वीस-वीस रुपये टाकायचे. पैसे साठले तेव्हा अक्कांनी पंधराशे रुपये कर्ज उचललं आणि नांदेडहून जुनी पेटी आणली. पण पेटीसाठी कर्ज असं घरी सांगायचं कसं? मग वहीत कारण लिहिलं, 'शेळीसाठी.'

मैत्रिणींनो, ती वही तेव्हा तपासायला मीच होते! शेळी दाखवा म्हणाले नाही, हे माझं नशीब.

पेटी कसली, नुसती खोकी. दोन पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. भात्याला उंदरानं भोक पाडलेलं. हवा तिथून निसटली की सूर रडवेला व्हायचा. अक्कांच्या पोरानं सायकलच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशन आणलं आणि पंक्चर काढतात तसं ते भोक बुजवलं. त्या पेटीवर मंडळ चांगली सहा वर्षं चाललं. सप्ताहात बायांची पाळी आली तेव्हा नेमकं भारनियमन. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून अँप्लिफायरला जोडली, भोंगा लिंबाच्या झाडावर बांधला. पहिल्याच ओळीला भोंग्यानं अशी शिट्टी मारली की अर्धी बायका उठून पळाल्या. माइक भोंग्याच्या तोंडासमोर ठेवलेला. भोंग्यातला आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि आणखी मोठा होऊन बाहेर यायचा, म्हणून ती शिट्टी. कुणीतरी माइक बाजूला सरकवला. मग शेजारच्या वाडीपर्यंत बायांचा आवाज गेला म्हणे. "माझा आवाज एवढा मोठा हाय, हे मला तवा कळलं," अक्का म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

हिंगोलीत उतरल्यावर मी मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. दुकानाचे मालक तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक. गिटारची चौकशी करायला गेले, तर त्यांनी खुर्चीच पुढे ओढली. त्यांची पहिली गिटार जुनी, तीही कुणाकडून तरी घेतलेली. मान वाकडी झालेली, त्यामुळे तारा वर उचललेल्या. सूर दाबायला इतका जोर लागायचा की बोटांच्या टोकांतून रक्त यायचं. ऑर्केस्ट्रात ढोलकी, बँजोपुढं तिचा आवाज कुठला ऐकू यायला! मग त्यांनी पोटात एक जुना माइक चिकटवला आणि त्याची वायर घरच्या टेपरेकॉर्डरला जोडली. गिटारपेक्षा खरखरच जास्त यायची. "पण वहिनी," ते म्हणाले, "त्या गिटारचा आवाज मला आता आठवत नाही. आईनं दुधाच्या पैशातून नोटा मोजून दिल्या, ते मात्र दिसतं."

घरी येऊन हे सगळं लेकीला सांगितलं. तिची कळी खुलली. तिनं मोबाइलवर शोधून मला आणखी दोन गोष्टी वाचून दाखवल्या. इंग्लंडच्या 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. त्याला चांगली गिटार परवडेना, म्हणून १९६३ मध्ये त्यानं आणि वडिलांनी घरीच गिटार करायला घेतली. मान केली शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडाची. मानेवर खुणेचे ठिपके लागतात, ते केले आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्यांच्या बटणांचे! तीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत फिरला. मी लगेच माझा शिवणाचा डबा आठवला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॉटन या कृष्णवर्णीय बाईची. लहानपणी लोकांच्या घरी धुणीभांडी करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरून स्वतःच शिकली. लवकर लग्न झालं, चर्चमधल्या लोकांनीही टोकलं आणि गिटार सुटली. ती अनेक वर्षं सुटलेलीच राहिली. म्हातारपण जवळ आलं तेव्हा ती सीगर नावाच्या गाणाऱ्या घराण्यात घरकामाला होती. तिथं भिंतीवरची गिटार उतरवून ती पुन्हा वाजवू लागली. १९५८ मध्ये तिची पहिली रेकॉर्ड आली आणि १९८५ मध्ये, नव्वदीच्या घरात, ग्रॅमी पुरस्कार. आपल्या मराठवाड्यात एकतारी हातात घेऊन भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात आता घरोघरी माहीत झाल्या, त्याही कितीतरी वर्षं गल्लोगल्ली गाऊन झाल्यावर.

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, पोरांच्या पहिल्या वाद्यामागं कुठंतरी आई असते. तिचे दुधाचे पैसे, तिची बटणं. आणि बायांच्या पहिल्या वाद्यामागं? बहुतेक वेळा त्यांचे त्यांनीच साठवलेले पैसे असतात. तेही खोटं कारण सांगून, नाहीतर फार उशिरा.

आता माझं सांगते. मी आठवीत असताना वडिलांनी मला वसमतला एक जुनी पेटी घेऊन दिली होती. बी.ए.पर्यंत वाजवली. लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, "सासरी कुणी पेटी नेतं का गं? लोक काय म्हणतील?" मी नेली नाही. आईनं ती एका शाळेला देऊन टाकली. मला सासरी कुणी कधी वाजवू नको म्हणालं नाही हो. मीच कधी विचारलं नाही. लेकीला 'मग बघू' म्हणाले आणि मला तीच पेटी दिसली.

ह्यांनी विचारलं, "अगं, पण गिटार म्हणजे विलायती वाद्य, आपल्या गावात कोण शिकवणार?" मी म्हटलं, पेटी तरी कुठली आपली? तीसुद्धा युरोपातूनच आली. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, तरी आज तिच्याशिवाय भजन होत नाही. आणि शिकवायला मोबाइल दुरुस्तीवाले तयार आहेत, रविवारी तासभर. दहावीच्या वर्षात तासापेक्षा जास्त नाही, हे लेकीनं कबूल केलंय.

भिशीचे पैसे माझ्याकडे होते. नांदेडहून साधी, स्वस्तातली गिटार आणली. लेकीची बोटं सुजली, पण तक्रार नाही. गेल्या आठवड्यात अक्का दवाखान्याच्या कामासाठी हिंगोलीला आल्या, तेव्हा घरी डोकावल्या. गिटार मांडीवर घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, "हिला भाता कुठाय गं?" लेक हसत सुटली. मग अक्कांनी तिची बोटं हातात घेतली, टोकं चाचपली आणि म्हणाल्या, "घट्टे पडू दे. सोडू नको."

रात्री घरखर्चाची वही काढली. खर्च लिहिताना क्षणभर 'शेळी' लिहायची लहर आली खरी! पण सरळ लिहिलं, 'गिटार, लेकीसाठी.'