बंगळुरूत पहिली साखळी, हिंगणघाटात चिरविश्रांती : भारत मोजणारे कर्नल लॅम्बटन

बनशंकरी (बंगळुरू) : दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी मेट्रो स्थानकाबाहेर उभे राहून मोबाइलवर नकाशा उघडला, की आपण नेमके कोठे आहोत हे क्षणार्धात कळते. आज हे काम उपग्रह करतात. मात्र त्याआधी सुमारे दोन शतके भारतातील गावांची, डोंगरांची आणि नद्यांची स्थाने ज्या मोजणीच्या आधारे निश्चित होत होती, तिची पहिली चाचणी १८०० मध्ये याच शहराच्या परिसरात झाली. ती घेणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांचे थडगे महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, साधारण स्थितीतील कुटुंबात झाला. गणितात गती असलेला हा तरुण १७८१ मध्ये सैन्यात दाखल झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा युद्धकैदी झालेल्यांत तेही होते. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात काढली. सीमेची मोजणी, बराकींची व्यवस्था आणि गणिताचे वाचन यांत गेलेल्या या काळात त्यांना लष्करी बढती जवळजवळ मिळालीच नाही. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली, असेही सांगितले जाते.

ताऱ्यांनी वाचवलेली तुकडी

वयाची चाळिशी उलटल्यावर लॅम्बटन ३३ व्या पायदळ पलटणीतून लेफ्टनंट म्हणून भारतात आले. पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेले सेनानी. १७९९ च्या चौथ्या म्हैसूर युद्धात श्रीरंगपट्टणाजवळ जनरल बेअर्ड यांची तुकडी रात्रीच्या अंधारात कूच करीत होती. आपण उत्तरेस, स्वतःच्या छावणीकडे परतत आहोत, अशी सर्वांची समजूत होती. लॅम्बटन यांनी आकाशातील तारे पाहून तुकडी प्रत्यक्षात दक्षिणेस, टिपू सुलतानच्या सैन्याकडे चालली असल्याचे निदर्शनास आणून दिले. होकायंत्राने त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि म्हैसूरचा विस्तीर्ण प्रदेश कंपनीच्या प्रभावाखाली आला. त्याच वर्षी लॅम्बटन यांनी मद्रास सरकारपुढे प्रस्ताव ठेवला. द्वीपकल्पाची किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत त्रिकोणमितीच्या आधारे मोजणी करावी आणि त्याच कामातून पृथ्वीच्या आकाराचाही शोध घ्यावा, अशी ती कल्पना होती. श्रीरंगपट्टणास जायचे असेल तर पालखीवाल्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी नकाशा कशाला, असा आक्षेप एका अधिकाऱ्याने घेतल्याचे सांगितले जाते. वेलस्ली यांच्या पाठिंब्यामुळे १८०० मध्ये प्रस्तावास मंजुरी मिळाली.

एक रेषा, दोन कोन

या मोजणीचे तत्त्व शालेय भूमितीतलेच आहे. जमिनीवर एक सरळ रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची. तिला आधाररेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. त्यामुळे दऱ्या, नद्या आणि जंगले न ओलांडताही शेकडो मैलांचे अंतर काढता येते. अट एकच : पहिल्या रेषेत चूक होता कामा नये, कारण ती चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात उतरते.

म्हणूनच बंगळुरूचे महत्त्व. ऑक्टोबर ते डिसेंबर १८०० या काळात लॅम्बटन यांनी येथे सात मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजून पद्धतीची चाचणी घेतली. १०० फुटी पोलादी साखळी वापरली होती. चीनच्या सम्राटाने नाकारलेल्या इंग्रजी नजराण्यातून ती भारतात आली होती. उन्हाने साखळी किंचित वाढते आणि थंडीत आखडते. त्यामुळे ती लाकडी पेट्यांत ठेवून जवळ तापमापक लावले जात आणि प्रत्येक मोजमाप तापमानानुसार दुरुस्त केले जाई.

मुख्य मोजणी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रास येथे सुरू झाली. कोन मोजण्यासाठी इंग्लंडहून मागवलेले सुमारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट वाटेत फ्रेंचांनी जहाजासह पकडून मॉरिशसला नेले होते. ते वैज्ञानिक उपकरण असल्याचे कळल्यावर तेथील गव्हर्नरांनी परत पाठवले.

मद्रासपासून त्रिकोणांची साखळी १८०४ मध्ये बंगळुरूला पोहोचली, तेव्हा खरी परीक्षा झाली. येथे आधाररेषा पुन्हा प्रत्यक्ष मोजण्यात आली. गणिताने काढलेली लांबी आणि जमिनीवरची लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. याच कामातून मद्रास ते मंगळूर हे सुमारे ४०० मैल मानलेले अंतर प्रत्यक्षात ३६० मैलांच्या आसपास असल्याचे सिद्ध झाले. जुन्या नकाशांतील द्वीपकल्प चाळीस मैलांनी अरुंद झाले.

बंगळुरूतील दोड्डगुंटा येथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरवण्यात आले. तेथून दक्षिणेस कन्याकुमारीकडे आणि उत्तरेस मध्य भारताकडे 'महाकंस' वाढत गेला. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटून थिओडोलाइट भिंतीवर आदळले. ते पूर्ववत करण्यासाठी लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे तंबूत स्वतःला कोंडून घेतले.

विज्ञान आणि सत्ता

या कार्याची दुसरी बाजूही आहे. अचूक नकाशा कंपनी सरकारला सैन्य हलवण्यासाठी आणि महसूल बसवण्यासाठी हवा होता. टेकड्यांवर दुर्बिणी रोखणाऱ्या परक्यांकडे गावकरी संशयाने पाहत, ते उगाच नव्हे. यंत्रे वाहणारे खलाशी, निशाणे धरणारे आणि रात्री दिवे पेटवणारे कामगार यांच्याविना एकही त्रिकोण पुरा झाला नसता. जंगलातील तापाने त्यांतील अनेकांचे बळी घेतले. त्यांची नावे नकाशावर कोठेही नाहीत.

१८१८ मध्ये या मोजणीस 'भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण' हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट लॅम्बटन यांचे सहायक झाले. तोवर लॅम्बटन यांच्या देखरेखीखाली दीड लाख चौरस मैलांच्या आसपास प्रदेश त्रिकोणांनी जोडला जात होता. १८२३ च्या आरंभी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाले. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. लेफ्टनंट कर्नल हा त्यांचा अखेरचा हुद्दा होता.

महाकंस एव्हरेस्ट यांनी १८४१ मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी पूर्ण केला. त्याची एकूण लांबी सुमारे २,४०० किलोमीटर भरली. याच सर्वेक्षणाने पुढे जगातील सर्वोच्च शिखराची उंची मोजली आणि १८६५ मध्ये त्याला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. 

कन्याकुमारीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आज बंगळुरू, हैदराबाद आणि हिंगणघाट ओलांडून नागपूरकडे जातो. लॅम्बटन यांची मोजणीही साधारण याच दिशेने उत्तरेस सरकली होती. महामार्गावरून जाणारा प्रवासी हे अंतर आता एका दिवसात कापतो. बंगळुरूत पहिली साखळी टाकल्यापासून हिंगणघाटला पोहोचेपर्यंत लॅम्बटन यांना बावीस वर्षे लागली.