गोलांच्या रकान्यात न मावणारा फॉरवर्ड

शाळेचा किंवा जिल्ह्याचा हॉकी संघ निवडायचा असला की जळगाव असो वा धुळे, फॉरवर्डविषयी पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "याचे गोल किती?" प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. त्या एका आकड्यावर निवड थांबली की गोलापर्यंत वाट काढून देणारा पोरगा घरी जातो आणि शेवटचा फटका मारणारा तेवढा राहतो. हे टाळायचं तर आधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : ज्याचे गोल जास्त, तोच उत्तम फॉरवर्ड.

वस्तुस्थिती : 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघाने 8 सामन्यांत 15 गोल केले आणि कांस्यपदक मिळवलं. त्यांतले 10 गोल कर्णधार हरमनप्रीत सिंगचे, आणि तो बचावफळीतला खेळाडू. मधल्या फळीतल्या विवेक सागर प्रसादचा एक. आघाडीच्या फळीचे उरले चारच : अभिषेकचे 2, मनदीप सिंगचा 1, सुखजीत सिंगचा 1. नुसता हा तक्ता वाचणारा म्हणेल, फॉरवर्ड नापास.

पण हरमनप्रीतचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे आहेत, आणि कॉर्नर कुणी आणून देत नाही, तो मिळवावा लागतो. कुणीतरी चेंडू घेऊन गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, म्हणजे डीत घुसतं, बचावपटूला चुकायला लावतं, चेंडू त्याच्या पायावर आदळतो, तेव्हा पंच कॉर्नर देतात. हे घुसण्याचं काम बरंचसं फॉरवर्डच करतात. गोल मात्र लिहिला जातो फ्लिक मारणाऱ्याच्या नावावर. म्हणून फॉरवर्डच्या नावापुढे 'मिळवलेले कॉर्नर' हा रकाना हवाच.

गैरसमज : गोल शून्य, म्हणजे कामही शून्य.

वस्तुस्थिती : पॅरिसमध्ये फॉरवर्ड ललितकुमार उपाध्याय यांच्या नावावर एकही गोल नाही. आता ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना आठवा. 17व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सगळा सामना भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. 1-1 अशी बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये भारत 4-2 असा जिंकला. त्या चार यशस्वी प्रयत्नांपैकी एक ललित यांचा होता, एक सुखजीतचा. शूटआउटमधले गोल खेळाडूच्या एकूण गोलांत धरले जात नाहीत, त्यामुळे स्पर्धेच्या तक्त्यात ललित शून्यावरच राहिले.

183 आंतरराष्ट्रीय सामने आणि 67 गोल, अशी कारकीर्द करून ललित 2025मध्ये निवृत्त झाले. सामन्यामागे 0.37 गोल. आकडा डोळे दिपवणारा नाही. तरीही टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पदकविजेत्या संघांत ते होते. टोकियोत प्रशिक्षक ग्रॅहम रीड होते, पॅरिसमध्ये क्रेग फुल्टन. दोन वेगळ्या प्रशिक्षकांना एकच माणूस संघात हवासा वाटतो, तेव्हा त्याचं मोल गोलांपलीकडे शोधायला हवं.

गैरसमज : सामन्यामागे किती गोल, हे काढलं की तुलना पुरी झाली.

वस्तुस्थिती : हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर होऊ शकतात. 60 मिनिटांच्या सामन्यात एक फॉरवर्ड 45 मिनिटं खेळतो, दुसरा 25. समजा, पहिल्याने 8 सामन्यांत 6 गोल केले आणि दुसऱ्याने 4. वरवर पाहता पहिला सरस. पण पहिला 360 मिनिटं खेळला, म्हणजे दर 60 मिनिटांना 1 गोल. दुसरा 200 मिनिटं, म्हणजे दर 60 मिनिटांना 1.2. राखीव म्हणून बसवलेला मुलगाच अधिक धारदार निघाला! भागायचं ते मिनिटांनी, सामन्यांनी नव्हे. पहिल्याचे काही गोल पेनल्टी स्ट्रोकवरचे असतील, तर तेही वेगळे काढून मैदानी गोल स्वतंत्र मोजावेत.

गैरसमज : चेंडू गेला की फॉरवर्डचं काम संपलं.

वस्तुस्थिती : आजच्या हॉकीत बचाव समोरच्या संघाच्या 23 मीटरच्या पट्ट्यातच सुरू होतो. तिथे फॉरवर्डने दाब टाकला की विरोधकाचा पहिला पास चुकतो. तिथेच हिसकावलेला चेंडू गोलापासून सर्वांत जवळ असतो आणि समोरच्या बचावाला सावरायला वेळ मिळत नाही. असे चेंडू मोजले, की दिवसभर पळणारा पण गोलफलकावर न येणारा खेळाडू ठळक दिसू लागतो.

गैरसमज : एक स्पर्धा गाजवली की खेळाडू सिद्ध झाला.

वस्तुस्थिती : तीन फटक्यांत एक गोल आणि तीस फटक्यांत दहा गोल, दोन्हींची टक्केवारी एकच. विश्वास मात्र दुसरीवर ठेवावा. शालेय स्पर्धेत एखादा संघ दोन-तीन सामन्यांतच बाहेर पडतो, आणि एवढ्या थोड्या खेळात नशिबाचा वाटा मोठा असतो. दुबळ्या संघावर केलेले पाच गोल आणि तगड्या संघाविरुद्धचा एक, यांतही फरक आहे. निदान एका हंगामाचे सामने जमा झाल्याशिवाय निकाल देऊ नये.

गैरसमज : आकडेवारी म्हणजे मोठ्या संघांचं आणि महागड्या यंत्रांचं काम.

वस्तुस्थिती : लागते ती नोंद ठेवण्याची शिस्त, आणि तिच्या अभावाचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने 339 सांगितले जातात. पण गोल? सुमारे 170 असा अंदाज आहे, कारण तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघाने त्यांची अधिकृत नोंद नीट ठेवलीच नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर तालुक्याच्या मैदानावरच्या मुलाची नोंद कोण ठेवणार?

ती आपणच ठेवायची आहे. एक वही आणि सहा रकाने पुरेत : मैदानावरची मिनिटं, डीत प्रवेश, गोलवर मारलेले फटके, मिळवलेले कॉर्नर, गोलाआधीचा शेवटचा पास आणि हिसकावलेले चेंडू. गोल तर पंचांच्या कागदावर असतातच. संघाबाहेर बसलेले दोन विद्यार्थी हे काम करू शकतात : एक बोलेल, दुसरा लिहील.

वहीत सगळं येणार नाही. चेंडूविना धावून बचावपटूला बाजूला ओढणारा आणि सहकाऱ्याला जागा करून देणारा खेळाडू जाणत्या डोळ्यांनाच दिसतो. म्हणून क्रीडाशिक्षकाची नजर आणि वही, दोन्ही हव्यात, आणि दोन्हींचं म्हणणं जुळलं नाही तर सामना पुन्हा नीट पाहावा. खानदेशातल्या मुलांना मोठ्या शहरांसारखी मैदानं आणि सुविधा लगेच देता येणार नाहीत. त्यांच्या घामाची खरी मोजणी मात्र पुढच्याच सामन्यापासून सुरू करता येईल, आणि निवड समितीपुढे ती वही ठेवण्याचा आग्रह प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आणि पालकाने धरावा.