वीस वर्षांत दोन पासिंग

आमची मारुती ८०० फेब्रुवारी २००४ मध्ये नोंदली गेली. आरसीवरची मुदत पंधरा वर्षांची, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ठरवलेली. ती संपली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण. या पंधरा वर्षांत मी पीयूसी काढत राहिलो, विम्याचा हप्ता भरत राहिलो. पण गाडीचे ब्रेक कसे आहेत, हे मला कोणत्याही सरकारी माणसानं विचारलं नाही. खासगी गाडीला तशी सक्तीच नाही. हे मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं.

२०१९ च्या जानेवारीत पहिल्या पासिंगची तयारी सुरू केली. फॉर्म २५ मुदतीच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो. एजंटनं बॉनेट उघडलं, चासी नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. काळ्या पट्ट्यात एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. पंधरा वर्षांत तो नंबर मी प्रथमच नीट वाचला.

त्याच आठवड्यात मेकॅनिकनं चारही चाकं काढली. मागच्या डाव्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत होता, ब्रेक शू तेलानं भिजले होते. त्या गाडीतून मी मुलीला रोज क्लासला सोडत होतो. पासिंग नसतं, तर तो ड्रम उघडलाच गेला नसता. प्रत्यक्ष तपासणीत मात्र निरीक्षकांनी नंबर ताडून पाहिला, दिवे आणि हॉर्न तपासले आणि सही केली. ब्रेककडे ते वळलेच नाहीत. फी होती ६०० रुपये, पर्यावरण कर वेगळा.

२०२४ मध्ये पुन्हा तीच फाइल काढली. दरम्यान एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारींची फी ५,००० झाली होती. पैसे घरबसल्या भरले, तारीखही तशीच मिळाली. या वेळी निरीक्षक एक तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, "काका, जरा वेगात पुढे न्या आणि मी हात वर केला की ब्रेक मारा." मी मारला. त्या खाली वाकून मातीतल्या चाकांच्या खुणा पाहू लागल्या. "परत एकदा," म्हणाल्या. दोन मिनिटांचं काम, पण त्या दिवशी भरलेली फी मला सार्थकी लागल्यासारखी वाटली.

विम्याबद्दल मात्र लोकांशी वाद घालून मी थकत नाही. थर्ड पार्टी विमा आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे, तरी जुनी गाडी झाली की तो सोडून देणारे आजही भेटतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना एकदम तीन वर्षांचा आणि दुचाकींना पाच वर्षांचा विमा बंधनकारक झाला. माझ्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता कराशिवाय २,०९४ रुपये. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कैद सहसा होत नाही, म्हणजे हप्त्यापेक्षा दंडच स्वस्त. आणि आपल्या गाडीखाली कुणी गेलं, तर त्याच्या बायकामुलांना भरपाई कुठून मिळणार? मालकाकडून वसूल करायची म्हटलं, तर त्याच्याकडे तेवढी ऐपत असायला तरी हवी. वीस वर्षांच्या गाडीवर स्वतःच्या नुकसानीचा विमा मी सोडला. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र एकदाही चुकवला नाही.

पुढचं पासिंग फेब्रुवारी २०२९ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींची फी १०,००० झाली, म्हणजे तेवढी तरतूद हवी. तोपर्यंत दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, मागचे दोन्ही ड्रम उघडून पाहायचे, असं मेकॅनिकशी ठरलेलं आहे.