शिवेवरचं प्लॉटिंग : हरकत घ्यायची ती वेळेवर

गावाच्या शिवेला लागून एखादा गट विकला जातो. दोन-चार महिन्यांत मोजणीची माणसं येतात, फक्कीच्या रेघा पडतात, खुंट्या ठोकल्या जातात आणि सडकेच्या कडेला रंगीत फलक उभा राहतो. गावातले निम्मे लोक म्हणतात, "बरं झालं, जमिनीला भाव आला." शेजारच्या शेतकऱ्याला मात्र झोप लागत नाही. त्याला जमीन विकायची नसते, कसायची असते. तो बोलायला उठला की "हा विकासाला आडवा येतो" असा शिक्का बसतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती, हे कोणी विचारीत नाही.

त्याची पहिली काळजी पाण्याची. शेतात पावसाचं पाणी मुरतं, उरलेलं ओघळीतून ओढ्याला मिळतं. तिथंच भराव, रस्ते, फरशा झाल्या की पाणी मुरायचं थांबतं आणि खालच्या अंगाच्या रानात घुसतं. ओढ्यात नळ्या टाकून वर रस्ता केला तर मोठ्या पावसात नळ्या तुंबतात. पीक जातं ते शेजाऱ्याचं. दुसरी काळजी विहिरीची. वस्ती आली की बोअर आले, शोषखड्डे आले. तिसरी वाटेची. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेनं बैलगाडी गेली, ती नकाशावर नसेल तर तारेच्या कुंपणात जाते.

ही भीती पोकळ नाही. वसईचा पट्टा केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाल्याच्या वाड्यांसाठी नावाजलेला. 1988 मध्ये शासनाने इथली बरीच जमीन हरित पट्ट्यातून काढून बांधकामाला मोकळी केली. 1990 मध्ये सिडको नियोजन प्राधिकरण म्हणून आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध लढा उभारला. पश्चिमेकडच्या गावांत आजही वाड्या दिसतात, त्यामागे या जागरूकतेचा वाटा आहे. उलट नालासोपारा-विरारकडे इमारतींची दाटी झाली. जुलै 2018 मध्ये तिथं पाणी इतकं साचलं की रेल्वे बंद पडली आणि गाड्यांत अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथकं बोलवावी लागली. पाऊस जबर होता हे खरं. पण पाण्याला जायला वाट नव्हती, हेही तितकंच खरं.

यातून घ्यायचा धडा एकच. जेसीबी आल्यावर केलेला विरोध बहुधा उशिराचा ठरतो. पूर्वी बिनशेतीचा अर्ज जमीन महसूल संहितेच्या कलम 44 खाली कलेक्टर कचेरीत जाई, त्यात बराच काळ जाई आणि गावाला कुणकुण लागे. 2014 पासून कलम 42-अ आणि त्यापुढची कलमं आली, तेव्हापासून ही पायरी पुष्कळ ठिकाणी गळाली. जमीन आराखड्यात रहिवास विभागात दाखवली गेली की अर्धं काम तिथंच झालं. म्हणून खरी लढाई आराखड्याच्या वेळची. नगररचना कायदा 1966 च्या कलम 26 नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातात. जाहीर नोटिशीतली मुदत चुकवू नये. आपला गट नंबर कुठल्या रंगात आहे, हे स्वतः जाऊन बघावं.

हरकत लिहिताना नुसतं "आमचा विरोध आहे" लिहून भागत नाही. गट नंबर घालावा, ओढा कुठून येतो ते दाखवावं, गावनकाशाची प्रत आणि विहिरीची नोंद असलेला सातबारा जोडावा, आणि अर्जाची पोच घ्यावी. लेआउट मंजूर झाला असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये फी भरून त्याची प्रत मागता येते. 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावरही नोंदलेल्या प्रकल्पांची माहिती बघता येते. ओढ्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेतीची वाट अडवली, तर मामलेदार कोर्ट कायदा 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "बघू, दिवाळीनंतर" म्हणणाऱ्यांची मुदत इथंच टळते.

एक गोष्ट विसरू नये. विकणाराही शेतकरीच असतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. घरं लोकांना लागतातच. भांडण त्या माणसाशी नाही. ओढा मोकळा ठेवा, सांडपाण्याची सोय आपल्याच हद्दीत करा, वहिवाट नकाशावर दाखवा, एवढं मागणं रास्त आहे आणि ते कोणत्याही कचेरीत ठामपणे मांडता येतं.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनीही ना-हरकत दाखल्यावर सही करण्याआधी जागेवर जाऊन यावं, शक्यतो पावसाळ्यात. कोरड्या मे महिन्यात प्रत्येक ओढा सपाट रानच दिसतो. आराखड्याची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लावून भागणार नाही. दवंडी द्यावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिवारात राहणाऱ्या माणसाला ती कळलीच नाही, तर त्याने हरकत घ्यायची तरी कशी?